पाहुण्यांसाठी कापलेली मिशी

"म्हाताऱ्या, मेंढरू लई हलतंय. तूच बस की चार पायांवर. पावण्यास्नी नीट दिसंल."

मालक बोलला आणि ओसरीवरचे सगळे हसले.

दुधनीकडच्या आमच्या गावात मालकाची शंभरावर मेंढरं. ती राखायची, ओढ्यात धुवायची, कातरायची आम्ही धनगरांनी. आमची स्वतःची मोजकीच. मेंढरं त्याची, वास मात्र आमच्या अंगाला. त्या दिवशी त्याच्या मुलीच्या सोयरिकीला सोलापूरचे पाहुणे आले होते. नवरदेवाची टेरिलिनची पँट, गळ्यात कॅमेरा. कातरण बघायची म्हणून खाली उतरला. नाकाला रुमाल लावून.

माझे सासरे, मामंजी, साठीचे. पाच गावांत त्यांच्यासारखा हात नव्हता. थानाजवळची कातडी किती पातळ, पण मेंढीला कधी ओरखडा नाही. तो माणूस आधी गुडघ्यावर बसला. मग हात टेकले. पाहुण्यानं फोटो काढला. एवढ्यानं पोट भरलं नाही. त्यानं कातर उचलली आणि मामंजींच्या मिशीचं एक टोक कापलं. ओसरीवर कपबशा हिंदकळल्या.

मामंजीही हसले. तेच मला लागलं.

मी बाजूला लोकर निवडत होते. काळी वेगळी, करडी वेगळी, त्यातले काटे काढून. मांडीवरची लोकर तशीच सांडून उठले. नवरदेवापुढं हात केला. त्यानं कातर दिली. धनगराची बाई इतकी जवळ येऊन उभी राहते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. खाली बांधलेली मेंढी अर्धीच कातरली होती. मी तिच्या पायाची दोरी सोडली. ती तशीच पळाली.

मालकाला म्हणाले, "ऱ्हायलेली तुमी कातरा. न्हायतर ह्या पावण्यास्नी लावा. हात बसलाय त्येंचा."

आधी धाकटा दीर कातर टाकून उठला. मग बाकीचे. माझा नवरा सगळ्यांत शेवटी, खाली मान घालून.

मालकानं आम्हांला रान बंद केलं, विहीर बंद केली. कातरायला गडी लावला, मग न्हावी आणला. एका मेंढीचं थान कापलं, जखमेत किडे पडले. चार पिढ्या मेंढरांचे मालक. घरात एकालाही मेंढरू धरता येत नव्हतं.

मामंजींनी मिशीची दुसरी बाजूही उतरवली. माझ्याशी बोलणं टाकलं. सासूकडून निरोप आला, अन्नात माती कालवलीस म्हणून.

लगीन जवळ आलं तसा मालकाचा गडी दारात आला. खंडोबाच्या तळीला नवं घोंगडं हवं होतं. सुनेनं येऊन पाया पडावं, घोंगडं द्यावं, कातरण परत मिळेल, असं म्हणणं. आमच्या लोकरीचं घोंगडं यांच्या देवाखाली चालतं, बाळंतिणीखाली चालतं, पेरणीच्या पावसात यांच्या डोक्यावर चालतं. आम्ही यांच्या ओसरीवर चालत नाही.

मी म्हणाले, "घोंगडं हाय. त्येंच्यासाठी न्हाय."

मामंजी कोपऱ्यात बसले होते. त्यांनी मला अडवलं नाही. शाबासकीही दिली नाही. पुढं आम्ही आमची मेंढरं घेऊन ते गाव सोडलं. मामंजी जाईपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांना वाटायचं, हिनं घर मोडलं. मोडलं असेल.

आमच्यात बायांनी सूत काढायचं, कातर गड्यांची. मी दिरापाशी बसून कातरायला शिकले. पहिली दोन मेंढरं माझ्या हातून रक्ताळली. तिसरं नाही.

आता कुणी कामाला बोलावलं तर आधीच सांगते. कातरण बघायची तर खाली येऊन मातीत बसायचं, माझ्याजवळ. ओसरीवरनं बघणाऱ्याचं एकही मेंढरू मी कातरत नाही. कातरणार नाही.