नाशपाती आणि म्यूटचं बटण

दसरा झाला की मला खोकला होतो. अकोल्याहून तेल्हाऱ्याकडच्या शाळेत मी रोज एसटीने जाते. त्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन काढणं चालू असतं आणि भुसा उडून खिडकीतून थेट घशात. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, धुळीची ॲलर्जी, घाबरण्यासारखं काही नाही. गोळ्या दिल्या. पण मला धास्ती खोकल्याची नव्हतीच, पोरीची होती. ती चीनमध्ये डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. भलती हळवी! आई आजारी म्हटलं की परीक्षा सोडून विमानात बसेल. म्हणून व्हिडिओ कॉलवर ठसका आला की मी म्यूट करायची आणि तोंड फिरवायची.

घात केला नवऱ्याने. मागून ओरडला, "अवं, थो खोकला सांग ना तिले!"

पोरगी म्हणाली, "मी सांगते तसं वागशील तर तिकीट काढत नाही." आणि जी सुरू झाली! शरदाची हवा कोरडी, ती फुप्फुसाला बाधते. मान झाकून ठेव. मिरची बंद. रात्री लवकर झोप, पहाटे ऊठ. नाशपातीचा गाभा काढून आत खडीसाखर भर आणि वाफवून खा.

"तुले डॉक्टर व्हाले धाडलं, अन् तू वैदू होऊन राहिली का?" मी म्हटलं.

"हे कॉलेजातलं नाही. आमच्या घरमालकीणबाई सांगतात. गोळ्या पण घे, अन् हे पण कर."

आता तिकडे शरद म्हणजे गारवा. आमच्याकडे ऑक्टोबरात टाळकं तापतं. तरी मी मफलर गुंडाळून शाळेत गेले, कारण ती रोज फोटो मागायची. शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, हिवाळा तुमच्याच घरी आला काय?" मान घामोळ्यांनी भरली. ते दाखवलं तेव्हा पोरगी पोट धरून हसली आणि मफलर सुटला. मिरचीची सूट मात्र तिने दिली नाही. फिकं वरण पाहून नवरा म्हणाला, "आजारी तू, अन् पथ्य मले!" नाशपातीला पहिल्या दिवशी मी डाळीसारख्या शिट्ट्या दिल्या, लगदा झाला. दुसऱ्यांदा बरी जमली. चवीचं काही विचारू नका, पण घसा निवला, खोटं कशाला बोलू?

आठवडाभराने एका संध्याकाळी ती पुन्हा सगळं सांगत होती. नाशपाती वाफेवर किती वेळ ठेवायची, खडीसाखर किती, सगळं तोंडपाठ. मी चेष्टेने म्हटलं, "तुले तर चहा उकळता येत नव्हता. हे एवढं कसं गं पाठ?"

ती दुसरीकडेच पाहायला लागली. "तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, मी दीड महिना खोकत होती. बाई रोज वाटी आणून द्यायच्या. म्हणायच्या, शरदात दुःख फुप्फुसात जाऊन बसते. घरची आठवण येते का, विचारायच्या. मी त्यांच्यासमोर रडून घ्यायची."

मला ती दिवाळी लख्ख आठवली. ती कॅमेरा बंद ठेवायची आणि म्हणायची, नेट नाही. मी करवादायची, एवढ्या मोठ्या देशात तुलाच बरं नेट मिळत नाही! आणि रागाने फोन ठेवून द्यायची. माझी मलाच लाज वाटली. परकी बाई माझ्या पोरीला वाटी भरवत होती आणि मी इथे फुगून बसले होते.

"सांगितलं काहून नाही मले?"

"तू शाळा सोडून धावत आली असती."

मी बोलायला गेले आणि रडं आणि ठसका एकदमच आला. बोट सवयीने म्यूटच्या बटणाकडे गेलं.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "खोक. मी ऐकून राहिली."