सर आधी कुणासाठी उठायचे

बिरादार सर गेल्याचं मला लातूरच्या चौकातल्या फ्लेक्सवरून कळलं. फ्लेक्स श्रद्धांजलीचा, पण गेलेल्या माणसापेक्षा कोचिंग क्लासच्या मालकाचा फोटो मोठा. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, हा मेलेल्या माणसावरही जाहिरात करून राहिला. माझ्या पिशवीत त्याच क्लासविरुद्धची पत्रकं होती...

नांदेडच्या कॉलेजात सरांनी आम्हाला एक जुनी, नावाजलेली कादंबरी शिकवली. गरीब कारकून आडत दुकान टाकतो, श्रीमंत होतो आणि शेवटी खोट्या सहीनं सख्ख्या भावाची जमीन गिळतो. हा माणूस नेमका कुठं बिघडला, सरांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी खोट्या सहीवर बोट ठेवलं. "लई उशीर केला तुम्ही," सर म्हणाले आणि त्यांनी मधलंच एक साधं पान वाचलं. जुना सोबती दारात येतो आणि हा गादीवरून न उठता विचारतो, काय काम काढलं? "इथं बिघडला. पैसा आला की माणूस आधी उठायचं सोडतो. मग कुणासाठी उठायचं ते ठरवायला लागतो. सही फार पुढची गोष्ट."

तेव्हापासून आमच्या वर्गाचा रिवाजच पडला, दारातून कुणीही आलं की सरांसकट सगळ्यांनी उठायचं. चहावाले रहीमचाचा वैतागायचे. "बसा की सर, म्या काय कलेक्टर हाय का?"

"कलेक्टर असता तर बसून राहिलो असतो, चाचा. त्यांच्यासाठी उठायला दुनिया हाय."

माझी कंधारची एसटी रोज उशिरा यायची आणि रोज अख्खा वर्ग माझ्यासाठी उठायचा. शेतमजुराच्या पोरीसाठी! आज मी कुणालाही डोळ्याला डोळा भिडवून प्रश्न विचारते, ते तिथं शिकले.

निवृत्तीनंतर सर त्या क्लासच्या नांदेड शाखेचे सल्लागार झाले. न्यायला गाडी, बसायला एसी केबिन. मी भेटायला गेले. हुशार पोरांना गारेगार वर्ग आणि मागं पडलेल्यांना पत्र्याचं शेड, हे सरांनी थांबवावं एवढंच मागणं होतं. सर खुर्चीतच होते. "बोल, काय काम काढलंस?" मला वाटलं, कादंबरीची थट्टा करून राहिलेत. थट्टा नव्हती. शेडचं ऐकून "बघू" म्हणाले. तेवढ्यात मालक आत आला आणि सर चटकन उठले.

ती शेवटची भेट. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, सरांचे गुडघे गेले होते हो. मला पटलं नाही. मालकासाठी बरे चालले ते गुडघे?

परवा विष्णुपुरीला त्यांच्या घरी गेले. मी दारात दिसताच काकू भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी सरळच विचारलं, "सरांचे गुडघे खराब होते म्हणे?"

"गुडघे माझे खराब हायत. त्यांचे धड होते." मग भिंत धरूनच खाली बसल्या, मलाही बसवलं. "सोडलं होतं गं त्यांनी उठणं. मी बोलले एकदा. म्हणाले, आता वय झालं. मी काय त्यांच्याहून तरणी हाय का?"

तेवढ्यात भांडी घासायला येणारी सखू दारात आली. काकू पुन्हा भिंत शोधायला लागल्या.

"बसा ओ काकू, किती डाव सांगू!"

काकू उठल्याच. मीही उठले. तिघीही उभ्या. सरांची वेताची खुर्ची तेवढी कोपऱ्यात बसून होती.