फिरकी कशाची?

“सासू जागी हाय गो! अंगावरचं सगळं काढून ये.”

बोईसरच्या आमच्या एमआरआय सेंटरमध्ये पाऊल टाकलं की हे वाक्य कानावर पडायचंच. बोलणारी आमची मदतनीस मावशी, आणि सासू म्हणजे आतलं मशीन. नवा पेशंट आधी दचकून इकडेतिकडे बघायचा. मग मावशी त्याला समजावायची, “ती झोपत नाय. लाइट गेली तरी झोपत नाय. कुणाच्या अंगावर काय हाय, लगेच ओढते.”

मी तिथली टेक्निशियन. दोन वर्षं अभ्यास करून जे शिकले, ते मावशीने एका नात्यात बसवलं होतं. खरंच, त्या मशीनचं लोहचुंबक बंद म्हणून होत नाही. फोटो काढणं चालू असो वा नसो, त्याची ओढ चोवीस तास असते. एकदा एका बाईच्या पदरात राहिलेली सेफ्टी पिन सुटली आणि टिक्कन मशीनला जाऊन चिकटली. तेव्हापासून मावशी पदरसुद्धा झटकून घ्यायची.

आमच्या फॉर्मवर छापलेलं होतं, ‘दागिने आहेत का?’ तुम्ही आमच्या भागातल्या बायका पाहिल्या असतील तर उत्तर तुम्हाला ठाऊकच असेल. “नाय.” गळ्यात मंगळसूत्र, नाकात फुली, पायात जोडवी, आणि उत्तर “नाय”. खोटं बोलायच्या नाहीत हो त्या. दागिना म्हणजे लग्नाला घालायचा, परत पेटीत ठेवायचा. फुली काय दागिना? ती नाकाबरोबरच वाढलेली. मी पहिले काही दिवस फॉर्मवर विश्वास ठेवला आणि दारातून बायका परत आणता आणता दमले.

मावशी फॉर्मकडे बघायचीच नाही. तिचा प्रश्न वेगळा. “टोचलेलं काय काय हाय?” मग मोजणी सुरू व्हायची. कान, कानाची वरची पाळी, नाक. कुणी ठसक्यात म्हणालं, “सोन्याची हाय, सोन्याला काय होतं?” की मावशीचा ठरलेला सवाल यायचा, “फुली सोन्याची असंल बाय. फिरकी कशाची?”

यावर भल्याभल्या नाकाला हात लावून बघायच्या. कारण फिरकी हरवते. एकदा हरवली की बाजारातली कुठलीही बसवतात. पुढून सोनं, मागून लोखंड!

कंपन्यांतली पोरं यायची, त्यांची तऱ्हा निराळी. एकाच्या भुवईत कडी होती. म्हणाला, “मौसी, सर्जिकल स्टील है.” मावशी म्हणाली, “सर्जिकल हो नायतर मर्जीकल, निकालो.” दुसरा जरा शिकलेला होता. त्याच्या जिभेत टायटॅनियमचा मणी. त्याला चुंबक ओढत नाही, असं तो मला ऐकवत होता, आणि ते चूकही नव्हतं. मावशीने त्याला विचारलं, “विकणाऱ्याने सांगितला ना? मग तूच सांग, मी मासे विकताना कधी शिळे म्हणून सांगितले असतील काय?” पोराने मणी काढला.

मावशी चिंचणीची. आधी आईबरोबर मासळीची पाटी घेऊन फिरलेली. मला “म्याडम” म्हणायची आणि पुढच्याच शब्दाला एकेरीवर यायची. “म्याडम, जेवलीस काय?” तिच्या पिशवीत दोन वस्तू कायम असायच्या. एक दोऱ्याला बांधलेलं छोटं लोहचुंबक आणि दुसरी कडुलिंबाच्या काड्यांची पुडी. नाक मोकळं राहिलं तर भोक बुजेल या धाकाने बायका रडकुंडीला येत. मावशी त्यात काडी सरकवायची. “काडी सासूला चालते.”

आता तिच्या दोन खोडी सांगते. त्यांच्यावरून मी तिच्याशी खूप भांडले.

पहिली अशी, की चुंबक ती चारचौघांत कधीच लावायची नाही. बाईला पडद्याआड न्यायची, तिथे लावून बघायची आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची, “सोनं असो नायतर काय असो, सासूला चालत नाय!” मी चिडायचे. चिकटलं तर चिकटलं म्हण, नाही तर नाही म्हण. सगळ्यांचं काढायचंच आहे, तर लपूनछपून तपासायचं कशाला? ती म्हणायची, “तू मशीन चालव.”

दुसरी खोडी म्हणजे मशीनच्या दारात जी पिवळी पट्टी आखली आहे, तिच्या पलीकडे ती पाय टाकायची नाही. पेशंट पट्टीपर्यंत तिचा, पुढे माझा. एखाद्या जड पेशंटला टेबलावर घेताना माझी कंबर मोडायची आणि ही पट्टीवर उभी राहून म्हणायची, “हां, तिकडून उचल, जमेल.” मी तिला घाबरट म्हटलं, कामचुकारही म्हटलं. ती हसायची.

तिच्या स्वतःच्या नाकात फुली होती. नियमाने तीही तपासायला हवी होती. पण तपासणारीला कोण तपासणार? ती म्हणाली सोन्याची, आम्ही कागदावर लिहिलं सोन्याची, झालं! चूक माझीच.

मग तिच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मानेचा एमआरआय करायचा ठरला. आम्ही सगळे गंमत करत होतो की आज सासूची आणि सुनेची भेट. मावशी मात्र नाकातली फुली चाचपत होती.

“फुली काढायला लागेल?” तिने विचारलं. तिने! मला!

“मावशी, तुम्हीच विचारता?”

“आय रोज बघते ग. संध्याकाळी मी घरी गेली की माझ्या तोंडावरनं हात फिरवते. डोळ्यांनी दिसत नाय तिला आता, हाताने बघते. नाकात नसली तर घर डोक्यावर घेईल.”

“संध्याकाळच्या आत परत घालू. नाही जमलं तर सोनाराकडे जाऊ.”

“सोनार नको,” ती पटकन म्हणाली. “सोनार तोंडाने नाय बोलला तरी डोळ्याने बोलतो.”

तेव्हाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. पडद्याआड मी खोबरेल तेल लावून फिरकी सोडवली. हात तेलकट आणि मावशीचे डोळे घट्ट मिटलेले. सवयीने मी तिच्याच पिशवीतलं चुंबक काढलं आणि थट्टेत म्हटलं, “फुली सोन्याची मावशी, फिरकी कशाची?”

फिरकी चटकन चिकटली.

“बघा, फिरकी खोटी!” मी हसले.

“फुली लाव,” ती म्हणाली.

लावली. तीही चिकटली. वरचा पातळ पत्रा सोन्याचा असेल तर असेल, आतली दांडी मात्र कसल्याशा लोखंडाची होती. माझं हसू तोंडातच राहिलं.

“मना ठाव होतं,” मावशी म्हणाली. “पहिल्या दिवशी आत गेली ना, सासूने नाक ओढलं. तवाच कळलं.”

म्हणजे पिवळी पट्टी! इतकी वर्षं ती पट्टीवर उभी होती आणि मी तिला कामचुकार म्हणत होते.

“आयने सुके बोंबील विकून घेतली ती माझ्या लग्नात. तिला कुणी फसवलं, का तिनेच मना फसवलं, विचारायचं कशाला? दोघींतल्या एकीला तरी वाईट वाटणार.” मग तिने पुडीतली काडी काढली, माझ्या हातात दिली आणि नाक पुढे केलं. “घाल. आणि रडू नको, तेल डोळ्यात जाईल.”

काडी घालून ती त्या दिवशी पट्टी ओलांडून आत गेली. पहिल्यांदाच सरळ, ताठ मानेने चालत गेली. टेबलावर झोपताना मशीनवर थाप मारून म्हणाली, “घे, आता काय ओढतेस?”

संध्याकाळी फुली परत नाकात गेली. मी तिला आरसा धरला आणि दारातून मोठ्याने ओरडले, “सोनं असो नाहीतर काही असो, सासूला चालत नाही!” ती वळून म्हणाली, “शिकलीस एकदाची.”

दुखणं मानेच्या मणक्यांचं निघालं, भ्यायचं काही नव्हतं. पण पेशंट हलवायला डॉक्टरांनी मनाई केली आणि मावशीने काम सोडलं. आता ती चिंचणीला दिवसभर आईजवळ असते. जाताना चुंबक आणि काड्या माझ्या खणात ठेवून गेली. मला तिची फार आठवण येते. आता धातू शोधणारी दांडी आली आहे, ती सगळ्यांसमोर पीं पीं करून बोंबलते. मी तिचा आवाज बंद ठेवते.

परवा मनोरकडची एक नवी नवरी आली होती. तिच्या नाकातली फुली माहेरची. बाहेर बाकावर सासूबाई बसलेल्या. “खरी हाय म्हणून सांगितलंय तिच्या बापाने,” त्या मला दोनदा म्हणाल्या. पडद्याआड मी चुंबक लावलं. चिकटलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. वडिलांवरची माया आणि भीती, दोन्ही तिच्या डोळ्यांत होती. मी फुली डबीत टाकली, झाकण लावलं, नाकात काडी सरकवली आणि पडद्याबाहेर येऊन मोठ्या आवाजात सांगितलं, “सोनं असो नाहीतर काही असो, सासूला चालत नाही!”

“आता मी काय केलं बाई?” बाकावरून सासूबाई कळवळून म्हणाल्या.

पडद्याआड ती मुलगी खुदकन हसली. मी हसत हसत सवयीने पिवळ्या पट्टीकडे वळले, मावशीला सांगायला.