नऊ हजार ल्युमेनची ग्रामसभा

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'नऊ हजार ल्युमेन'. हा प्रोजेक्टर आमच्या संघटनेला एका हितचिंतकाने दिला. स्वतःला नकोशी झालेली वस्तू जो चळवळीला देतो, त्याला हितचिंतक म्हणतात. पेणमध्ये गणपतीच्या एका कारखान्यावर आमची खोली आहे, तिथे तो आला. मी चार वर्षं त्या खोलीत बसून पत्रकं लिहीत होते. सरकारी कागदातलं बारीक अक्षर शोधून लोकांपुढे आपटायचं, हेच माझं शिक्षण. आणि मीच त्या मोठ्या अक्षरांवर भाळले.

भाळायला कारण होतं. रोह्याकडच्या खाडीकाठच्या एका गावात बंधाऱ्याला खांड गेली होती, म्हणजे उधाणात बंधारा फुटून खारं पाणी भातशेतात शिरत होतं. खारं पाणी मुरलेल्या जमिनीत पुढची दोनतीन वर्षं भात धरत नाही. ग्रामपंचायतीने मात्र वर कळवलं होतं, 'किरकोळ गळती'. किरकोळ गळती बघायला साहेब येत नाही. खांड म्हटली की यावं लागतं, आणि पावसाळ्याआधी बांधून घ्यावी लागते. म्हणून सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेच्या वहीत तो एक शब्द यायला हवा होता. ओहोटीला तिथे नुसता चिखल दिसतो. ग्रामसेवक भाऊसाहेब नेमके ओहोटीला जाऊन 'पाहणी' करून आले होते. खांडीच्या तोंडाशीच जिचं शेत आहे, त्या काकीने मात्र भर उधाणात बंधाऱ्यावर उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. दोन मिनिटांचा. पुरावा म्हणावा असा तेवढाच.

तो व्हिडिओ अख्ख्या गावाने एकदम भिंतीवर पाहावा, अशी माझी थोर कल्पना.

प्रोजेक्टर बांधायचं काम खालच्या कारखान्यातल्या दादाने घेतलं. दादा मूर्तींचे डोळे आखतो. पेणमधून बाहेर जाणारी वस्तू पेंढ्यातूनच जाते, असा त्याचा ठाम समज. त्याने मूर्तीच्या एका खोक्यात पेंढा दाबून भरला, मधे प्रोजेक्टर बसवला, वर पुन्हा पेंढा, आणि सुतळीने आवळला.

"दादा, यंत्र आहे हे."

"अगो, देव फुटत नाय यात. अमेरिकेला जातात. तुझं यंत्र काय फुटतंय रोह्यापर्यंत?"

खोक्यावर कारखान्याचा शिक्का आधीपासून होताच.

रोह्याच्या मेमू गाडीत चढले आणि डब्याने माझ्यासाठी वाट केली. माझ्यासाठी म्हणजे खोक्यासाठी. माघी गणपती तोंडावर आलेले, हातात पेणचं खोकं, बाहेर डोकावणारा पेंढा. डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट करून रोह्याला निघालेला एक माणूस चटकन उठला.

"ठेव गो इथं. खाली नको ठेवू, पाय लागंल."

"मीच बसते ना, मांडीवर घेते."

"तू उभी ऱ्हा. देवाला बसू दे."

आमच्या संघटनेने अंधश्रद्धेवर सहा पत्रकं काढली आहेत. त्यातली तीन माझी. तरी खोकं खिडकीशी बसलं आणि मी दांडीला लटकले. समोरच्या आजींनी खोक्याला हात जोडले. "किती फुटाचा?" मी म्हणाले, "एक." ते खरंच होतं.

उभ्या उभ्या माहितीपुस्तिका काढली. गाडी निडी स्टेशनात उगाच थांबली होती, मागून कुठली तरी मोठी गाडी पुढे काढायची असणार. तिथे मला कळलं की जगातलं सगळं बारीक अक्षर सरकारच लिहीत नाही. ल्युमेन दोन प्रकारचे असतात. एक भिंतीवर प्रत्यक्ष पडणाऱ्या उजेडाचा मोजलेला आकडा. दुसरा आतल्या दिव्याचा, भिंगातून बाहेर पडायच्या आधीचा. खोक्यावर दुसरा छापतात. पहिला शेवटच्या पानावर होता: दोनशे. म्हणजे आश्वासन नऊ हजारांचं, अंमलबजावणी दोनशेची. 'फुल एचडी सपोर्ट'चा अर्थही तिथेच लागला. स्वच्छ चित्राची फाइल तो नाकारणार नाही, फक्त दाखवताना तिचा चोथा करून दाखवेल. सपोर्ट म्हणजे काय, हे आमदारांनी आमच्या मोर्च्याला दिलेल्या पाठिंब्यावरून मला आधीच कळायला हवं होतं. 'पोर्टेबल'चा अर्थ उचलता येतो, एवढाच. बॅटरी नव्हती. पाटा-वरवंटाही उचलता येतो.

आणि एक ओळ होती: हवा जाण्याच्या जाळीत धूळ, धागे, काडीकचरा जाऊ देऊ नये. मी खोक्याकडे पाहिलं. खोकं शांतपणे खिडकीशी बसलं होतं. झटकू, म्हटलं.

झटकलाही. ग्रामसभा शाळेच्या वर्गात होती, तिथे पोचल्यावर आधी तेच केलं. पण पेंढा जातीचा चिवट. काकी बघत होती.

"म्हशीचं खाणं कशाला भरून आणलंस गो?"

"काकी, पेणला असंच बांधतात."

"मंग म्हशीलाच दाखव पिक्चर."

दुपारचे बारा. खिडक्यांना पडदे नाहीत. काकीने आणखी चार बायकांना हाताशी घेऊन ताडपत्र्या आणि गोधड्या टांगल्या. तरी कौलांतून ऊन येतच होतं. मशीन भिंतीपासून किती लांब ठेवायचं, याचा पुस्तिकेत तक्ता होता. जवळ ठेवलं की चित्र लख्ख, पण ताटाएवढं. लांब नेलं की मोठं, पण ताकासारखं पांढुरकं. टेबल ठेंगणं, म्हणून मशीनच्या तोंडाखाली पाठ्यपुस्तकं घातली, तर चौकोनाची पाटी होण्याऐवजी सूप झालं, वर रुंद, खाली चिंचोळं. त्याला कीस्टोन म्हणतात. तो सरळ करायचं चाक होतं. मी फिरवलं, तर सूप नुसतं धूसर झालं. ते चाक फोकसचं होतं.

"ताई, तुमचा जिल्हा वाकडा झालाय," भाऊसाहेब म्हणाले. भिंतीवर तेव्हा रायगडचा नकाशा होता.

नकाशा का होता? कारण व्हिडिओ शेवटी होता. इथे मशीनचा दोष नाही, माझा आहे. आम्हाला पत्रक लिहायला शिकवतात ते असं: आधी जागतिक परिस्थिती, मग देश, मग राज्य, मग जिल्हा, आणि जागा उरलीच तर गाव. मी सोळा चित्रं केली होती. पहिल्यात भांडवल होतं. दुसऱ्यात हवामान. पाचव्यापर्यंत आम्ही अजून दिल्लीत होतो. लोक बिचारे डोळे बारीक करून बघत होते. मागून एकाने विचारलं, "आपलं गाव कितव्या नंबरला येतंय?" आणि वर्ग हसला.

नवव्या चित्राला, म्हणजे जिल्ह्यातच, मशीनचा पंखा घरघरला. तांबडा दिवा लागला. करपलेल्या पेंढ्याचा वास आला आणि भिंत पुन्हा भिंत झाली.

भाऊसाहेबांनी क्षण वाया घालवला नाही. पेन उचलून ते मोठ्याने बोलत लिहू लागले, "संघटनेतर्फे सादरीकरण करण्यात आले. सभेने ते पाहिले. गळती किरकोळ स्वरूपाची असून..."

"थांबा," मी म्हणाले. पुढे नुसत्या घोषणा सुचल्या. त्या सुचतातच. सरपंच घड्याळ बघत होते.

काकी उठली. तिने कमरेचा मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"बघ. बघून झालं की शेजारी दे. कोणी उठायचं नाय."

"अहो काकी, असं किती वेळ चालणार? सभा संपवायची आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"तुमी ल्ह्या ना. तुमाला कोण अडवतंय? माणसं बसलीत तवर सभा हायच."

मोबाइल हातोहात फिरू लागला. काच तडकलेली, पण चित्र लख्ख. म्हाताऱ्याने तो नाकाशी धरला, दोन मिनिटं हलला नाही. मग म्हणाला, "हे तर माझं वरचं खाचर. पाणी हितवर?" शेजारच्याने हिसकावून घेतला. त्याला आपला वाहून जाणारा, रचलेल्या पेंढ्याचा उडवा दिसला. तिसरीला बांध दिसला नाही, तेच दिसलं. "अगो बाय, माझा बांध कुठं हाय यात?" ज्याच्या त्याच्या हातात आल्यावर जो तो आपलं शेत शोधत होता. भिंतीवर हे कुणाला दिसलं नसतं. नऊ हजारांतही नाही.

दोन तास गेले. कोणी उठलं नाही. शेवटी मोबाइल सरपंचांकडे आला. त्यांनी पाहिला, पुन्हा लावला. मेहुण्याच्या शेताचं तळं झालेलं त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असल्याचं गावासमोर दिसायला नको होतं. त्यांनी तो भाऊसाहेबांच्या वहीवर ठेवला.

"आता ल्ह्या," काकी म्हणाली, "आणि वाचून दाखवा."

भाऊसाहेबांनी 'किरकोळ' खोडलं. 'गळती' खोडताना जरा थांबले. 'मोठी गळती' चालेल का, म्हणून त्यांनी विचारून पाहिलं. अख्खा वर्ग एका आवाजात म्हणाला, "खांड!" भाऊसाहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं. काकीला वाचता येत नाही. तिने त्या शब्दावर बोट ठेवून मला विचारलं, "हाच ना गो?"

"हाच."

"नीट बघ. बारीक काय ल्ह्यलं नाय ना खाली?"

मी वही उजेडात धरली आणि खालपर्यंत वाचली.