रॉविनाचा बांबूचा वॉकर

पुण्यात वस्तूंचं डिझाइन शिकलेली रॉविना इन्सुलीला गावी परत आली ती वडिलांसाठी. आंतोनमास्तर न्हाणीत घसरून पडले होते आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. हॉस्पिटलातून आलेला अॅल्युमिनियमचा वॉकर त्यांनी कोपऱ्यात ढकलून दिला होता. सारवलेल्या अंगणात तो सरकायचा आणि चालताना खडखडायचा. "हॉस्पिटल घराक आणल्यासारख्या वाटता," ते म्हणायचे. शेवटी त्यांनी खाटच धरली.

रॉविनाने स्वतःच वॉकर करायला घेतला. चौकट बांबूची, सांधे वेताने आवळलेले, पायांना काथ्याचे घट्ट गोंडे. लाकडी मुठी तिने सावंतवाडीत खेळणी करणाऱ्या भिकाजींकडून कातून, लाख चढवून आणल्या. पहिला वॉकर जड झाला, दुसरा डुगडुगला. तिसऱ्यावर तांदळाची पोती लटकवून पाहिली, तेव्हा कुठे तो वडिलांच्या हाती दिला. मास्तर अंगणात चालू लागले. मागून दोन्ही हात पुढे करून रॉविना.

मास्तरांच्या शाळेत पूर्वी शिकवणाऱ्या सावित्रीमावशी त्यांना भेटायला आल्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेले, धामापूरला एकट्याच राहायच्या. "माका असो एक करून दी गो," त्या म्हणाल्या. रॉविनाने त्याच बांबूचा दुसरा वॉकर करून पोचवला.

एके सकाळी केर काढताना मास्तरांच्या वॉकरखाली तिला पिवळसर पीठ दिसलं. तिने बांबूवर बोट फिरवलं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. बांबूला कीड लागली होती. वरून चकचकीत, आतून पोखरलेला.

"पप्पा, ह्यो घेव नको," ती म्हणाली आणि वॉकर ओढून बाहेर नेला. मग तिला धामापूर आठवलं.

मावशींचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिने स्कूटर काढली. कुडाळ ओलांडेपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, मावशी विहिरीच्या कट्ट्याशी पडलेल्या आणि हाकेला कुणी नाही. वाटेत थांबून तिने आणखी एकदा फोन लावला.

मावशींचं दार उघडं होतं. त्या पडवीत बसल्या होत्या, मनगटाला ओला पंचा गुंडाळून. पायरीशी वॉकर आडवा, त्याचा एक पाय उभा चिरलेला.

"मावशे, फोन कित्याक घेतलंस नाय?"

"तो आत वाजत होतो. उठान जाव कशी?"

सकाळीच घडलं होतं. वॉकरचा पाय मोडला तेव्हा सुदैवाने पडवीचा खांब हाताशी होता, पण तो धरताना मनगटावर भार आला. रॉविना त्यांना कुडाळला डॉक्टरांकडे घेऊन गेली. एक्स-रे येईपर्यंत ती बाकावर बसलीच नाही, दारातच उभी राहिली. हाड मोडलं नव्हतं, मनगट मुरगळलं होतं.

परत येताना ती म्हणाली, "मी परत असलां काय करूचंय नाय. तुका अॅल्युमिनियमचोच आणून देतंय."

मावशी म्हणाल्या, "तो आण, पण थोड्या दिसांपुरतो. त्याका धरून मी देवळापर्यंत जावचंय नाय कधी. तुझ्या वॉकरान गेलंय."

रॉविनाने तो आणून दिला. पुढे हिवाळ्यात तिने पक्के, जून झालेले बांबू तोडून घेतले, कीड लागू नये म्हणून गावच्या वहाळात, वाहत्या पाण्यात भिजत घातले, मग सावलीत वाळवले. भिकाजी म्हणाले, "एवढो वेळ कित्याक? लाख लावली की झाला." तिने मान हलवली. मुठींना लाख ठीक होती, पण भार पायांवर यायचा होता.

उन्हाळ्यात दोन नवे वॉकर तयार झाले. मास्तर आता फाटकापर्यंत जातात, रविवारी चर्चच्या पायऱ्याही चढतात. मावशी भगवतीच्या देवळात जातात, तळ्याच्या कडेने. रॉविना महिन्यातून एकदा धामापूरला जाते, वॉकर उलटा करते आणि पाय एकेक करून दाबून पाहते. मावशी हसतात. तिला अजून हसू येत नाही. रात्री कुठे काही पडल्याचा आवाज झाला की ती उठून वडिलांच्या खोलीत डोकावते.