खांद्यावरची चार बोटं

लेन केर्शॉला मी रेकॉर्डच्या कव्हरवरून कापून काढला, आणि काम चांगलं झालं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला साळसूद समजायला नको.

मँचेस्टरला एका शिंप्याच्या दुकानावर मिस्टर टेलबींचा स्टुडिओ होता. तिथे मी अकरा वर्षं रेकॉर्डची कव्हरं केली. म्हणजे फोटो टेलबींनी काढायचा, नाव टेलबींचं छापायचं, आणि मॅविसनं, म्हणजे मी, पातं, डिंक नि रंगाचा फवारा घेऊन मान मोडेपर्यंत बसायचं. गाणाऱ्याचे दात पांढरे कर, ड्रमवाल्याच्या पुटकुळ्या घालव, कोणाची ढेरी निम्मी कर. एकदा एका गायिकेचा नवरा काढून तिथे घोडा बसवला होता. घोडा जास्त शोभला.

धंद्याचे काही नेम असतात. बँडचं नाव वरच्या चार इंचांत, कारण दुकानात लोक खोक्यातल्या रेकॉर्डी बोटांनी पुढे पाडत बघतात आणि वरचाच भाग दिसतो. गाणारा मधोमध, अर्धं पाऊल पुढे. ड्रमवाला मागे. त्याच्याही मागे विटांची भिंत. हसायचं कोणीच नाही. हसणारी पोरं लग्नात वाजवतात, असं टेलबींचं म्हणणं. आणि एक नेम असा, की तो बँडवाल्यांना कोणी सांगत नसे. ज्याला लवकरच हाकलायचं ठरलंय त्याला अगदी कडेला उभा करायचा, आणि त्याच्या नि शेजारच्याच्या मधे वीतभर भिंत दिसू द्यायची. पुढे त्याला कापून दुसरा चिकटवला की काम भागतं. मॅनेजर फोटोच्या वेळी नुसतं म्हणायचा, त्या टोकाला जरा हवा राहू दे. आम्ही समजून जायचो.

लेन आमच्या ओल्डहॅमचा, आमच्याच गल्लीतला. गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचा. पत्रा आतून ठोकायचा, वर लांबीचा लगदा भरायचा, घासायचा, रंग मारायचा. गाडीला कधी कोणी धडकलं होतं हे मालकालासुद्धा सापडू नये. पत्रा कापायच्या यंत्रात डाव्या हाताच्या करंगळीचं टोक गेलं होतं, तरी त्याच हातानं बास गिटारच्या तारा दाबायचा. बँड त्यानंच काढला. गल्लीचं नावच त्याला दिलं, पेनीगेट. आठ वर्षं गाडी त्यानं चालवली, वाद्यांचे पेटारे त्यानं उचलले, आणि रिकी या नावानं जो पुढे गायला नि नाचायला लागला, त्या डेरेक शॉक्रॉसला नवी पँटसुद्धा लेननंच घेऊन दिली होती.

बाप आल्बर्ट. आम्ही सगळी आल्बर्टकाका म्हणायचो. चाळीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढून कान पार गेलेले. गिरणीतली माणसं ओठ वाचून बोलतात, तोंड चांगलं वेंगाडून. काका तर रस्त्याच्या पलीकडे दोन बायका कोणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतायत तेही वाचायचे. पण बास गिटार कशी वाचणार? मुलगा वाजवतो म्हणजे काय करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लेननं गॅरेज सोडलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की टॉमी स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या रेकॉर्डच्या दुकानाच्या काचेत तुझं तोंड दिसलं तर मी मानीन. लेनला रेकॉर्ड निघण्याचं कौतुक नव्हतं, पैशांचंही नव्हतं. त्याला ते कव्हर हवं होतं. बापाला ऐकवता येणार नव्हतं, दाखवता आलं असतं.

एकाहत्तर साली एका रेकॉर्ड कंपनीनं त्यांना घेतलं. गाणी झाली आणि फोटोसाठी चौघे आमच्याकडे आले. सोबत मॅनेजर गॉर्डन प्रिटी. हा माणूस हसतमुख होता, आणि हसतच माणसाचा गळा कापायचा. लेन सत्तावीस वर्षांचा, पण कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत गेलेलं, मान बैलाची. गॉर्डन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "याच्याकडे बघून गाडी दुरुस्तीला टाकावीशी वाटते, बाई. रेकॉर्ड कोण घेईल?" मग टेलबींना म्हणाला, त्या टोकाला जरा हवा राहू दे.

टेलबींनी लेनला डाव्या कडेला सरकवला. लेन शहाण्या मुलासारखा सरकला. मला विचारलं, इथे चांगला दिसतो का गं? मला सांगायचं होतं, अरे मूर्खा, तुला काढतायत. पण सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि मला नोकरी प्यारी होती. कॉलर नीट करायच्या निमित्तानं मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "हात टाक रिकीच्या खांद्यावर. पलीकडच्या. आणि घट्ट धर." एकमेकांत अडकलेली माणसं कापायला त्रास पडतो, म्हणून.

त्यानं वीतभर भिंत ओलांडून रिकीच्या मानेमागून हात नेला आणि पलीकडच्या खांद्यावर पंजा ठेवला. वर हसला. टेलबींनी हसू पुसायला लावलं. हात मात्र राहिला.

बारा दिवसांनी गॉर्डननं त्याला फोन करून पेटारे घेऊन जायला सांगितलं. रेकॉर्डवर बास लेनचीच, ती काही बदलली नाही. त्याला खर्च आला असता. तोंड बदललं. टेरेन्स म्हणून एक पोरगा आणला, गालाची हाडं वर, केस खांद्यापर्यंत. वाजवायला अजून शिकत होता. त्याचा वेगळा फोटो काढला, दोन्ही हात खिशात. मग सगळं माझ्या टेबलावर आलं.

लेनला मी पात्यानं कापला. केस नव्हतेच, त्यामुळे डोकं सोपं गेलं. टेरेन्सला चिकटवला, कडा फवाऱ्यानं मारल्या, रिकीच्या मानेजवळच्या विटा एकेक करून रंगवल्या. दंड गेला, मनगट गेलं. राहिली रिकीच्या पलीकडच्या खांद्यावरची चार बोटं, काळ्या कोटावर गोरी, शेवटचं अर्धं. ती पुसायला दहा मिनिटं पुरली असती. मी पुसली नाहीत. विसरले म्हणून सगळ्यांना सांगितलं, पण विसरले नव्हते. मला वाटलं, राहू दे मेल्याचं एवढं तरी. टेलबींचा चष्मा घरी राहिलेला, गॉर्डननं पाहिलं ते फक्त टेरेन्सच्या गालांकडे. कव्हर छापून आलं.

लेननं बापाला काहीच सांगितलं नव्हतं. पुन्हा गॅरेजला जाऊ लागला होता, घरी म्हणायचा मधली सुट्टी आहे. शनिवारी काका सूट घालून आमच्या दारात. म्हणाले, लेन येत नाही म्हणतो, लाजतोय, तू चल. मी गेले. न जाऊन करते काय?

काचेत कव्हर होतं. वर मोठ्या अक्षरांत पेनीगेट, खाली चार तोंडं. काकांनी एकेक तोंड पाहिलं, पहिल्यापासून पुन्हा पाहिलं. टेरेन्सपाशी येऊन बराच वेळ थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हते. मग त्यांनी काचेला नाक लावलं आणि माझा दंड धरला.

"हा बघ आमचा लेन," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. अख्ख्या टॉमी स्ट्रीटनं ऐकलं. "करंगळी बघ की."

मागे का लपवलाय, हे त्यांनी विचारलंच नाही. हात काय थोडा झाला? हाताचं काम करणाऱ्या माणसाचा हातच दिसणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. त्या दिवसापासून जो भेटेल त्याला दंडाला धरून काचेपाशी नेऊ लागले. खाटीक, पाद्री, पोस्टातली बाई.

आणि तोवर दुकानातल्या पोरींनी ती बोटं शोधली होती. पुढच्या दोघांचे हात दिसतात, नव्याचे खिशात, ड्रमवाल्याचे छातीवर बांधलेले. मग ही कोणाची? त्यांनी त्याला भूत ठरवलं. एकमेकींच्या मागून जाऊन खांद्यावर पंजा ठेवायचा, करंगळी दुमडून, आणि किंचाळायचं. काका काचेबाहेर उभे राहून त्यांचे ओठ वाचायचे. भूत, मढं, शी. एके दिवशी आत जाऊन त्यांनी पोरींना भल्या मोठ्या आवाजात सांगितलं, की ते माझ्या पोराचं बोट आहे, यंत्रात गेलंय. पोरी हसून हसून खाली बसल्या. आठवड्यात गोष्ट सगळीकडे झाली. पबमध्ये लेन दिसला की कोणीतरी मागून त्याच्या खांद्यावर पंजा ठेवायचा. तोही हसायचा बिचारा. ही माझी दया. मी ती बोटं दहा मिनिटांत पुसली असती तर त्याची एवढी शोभा झाली नसती.

गॉर्डनला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदाच न हसता बोलला. भुताचं कव्हर म्हणून लोक रिकीला विचारत होते आणि रिकी रडकुंडीला आला होता. दुसरी छपाई लागली होती. फोटो पुन्हा माझ्या टेबलावर. "बोटं काढ, बाई. आता विसरू नको."

नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. दहा नाही, आठच मिनिटं लागली.

महिन्याभरानं काकांची बहीण रॉचडेलहून आली. थोरली, तीही गिरणीतली, तीही बहिरी. काका तिला नवा कोट घालायला लावून काचेपाशी घेऊन गेले. मी समोरच्या बाजूला भाजी घेत होते. काचेत आता नव्या छपाईचं कव्हर लागलं होतं. काका काचेवर बोट टेकवतायत, उचलतायत, दुसरीकडे टेकवतायत. बहीण डोकं हलवतेय. मग तिनं तोंड वेंगाडून काहीतरी म्हटलं. मला गिरणीची भाषा थोडी येते. आल्बर्ट, चल घरी, असं म्हणाली. काका निघाले, परत फिरले, पुन्हा काचेशी आले. घरी जुनं कव्हर नव्हतं. बहिऱ्याच्या घरात रेकॉर्ड कोण विकत आणतं?

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले. लेन एका गाडीच्या दाराला लांबी लावत होता. मागे टेबलावर नवं कव्हर पडलं होतं. तिथल्याच एका टवाळानं आणून दिलेलं. म्हटलं, लेन, मला बोलायचंय. तो हात पुसत आला.

"बोटं तू ठेवलीस ना, मॅवी?"

"हो."

"आणि काढलीस?"

"तीही मीच."

मला वाटलं, आता तोंडात मारील. मारायला हवं होतं. त्यानं कव्हर उचललं, उजेडाकडे नेलं, तिरकं धरलं आणि रिकीच्या खांद्यावरून अंगठा फिरवला. गाडीच्या पत्र्यावरून फिरवतो तसाच, सावकाश, डोळे मिटून. लांबीचा उंचवटा डोळ्याला कळत नाही, अंगठ्याला कळतो.

"चोख काम आहे," तो म्हणाला. "जोड लागत नाही."

मी म्हटलं, काकांना मी सांगते. आधीचं कव्हर स्टुडिओत असेल, एक आणून दाखवते, म्हणजे त्यांना पटेल.

"नको. मी सांगितलंय." त्यानं कव्हर पालथं ठेवलं आणि पुन्हा दारापाशी गेला. "म्हटलं, बाबा, बोटं आधीपण नव्हतीच. वय झालं तुमचं, भास होतात."

"अरे, त्यांनी मानलं?"

"तोंड मोठं करून सांगितलं," लेन म्हणाला. "दोनदा. नीट वाचता यावं म्हणून."