वैशूच्या वतीने मी दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आता तरी का बोलतेय — काय माहीत. मन हलकं वगैरे होईल, अशी माझी काही समजूत नाही.

बारावीची परीक्षा झाली होती. अमरावतीचा मे महिना. त्या उन्हाळ्यात आईबाबांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं होतं. एकाच खोलीत बसून आई मला म्हणायची, "सांग तुह्या बापाले, पोया झाल्या, जेवाले बस म्हणा." बाबा तिथूनच, "विचार तुह्या मायले, गाडीची चाबी कुठी हाय." दोघांनाही सगळं ऐकू यायचं, तरी मधे मी हवीच! वेड लागायची पाळी आली होती.

त्यात वैशू. शेजारच्या गल्लीतली, बालवाडीपासूनची मैत्रीण. अकोल्याच्या सुमितशी तिचं जमलंय हे तिच्या भावाला कळलं नि त्याने तिचा फोन काढून घेतला, वर त्याच्याशी बोलायचं नाही अशी आईची शपथ घातली. मग सुमितचे फोन माझ्याकडे. रोज दुपारी ही कूलरसमोर फतकल मारून बसणार — काय म्हणाला, कसा म्हणाला, हसून म्हणाला का? आई दोनदा बॅग भरून बसली होती. माझ्या घरात काय चाललंय, हे हिने एकदा तरी विचारावं? पण हे मी कारण म्हणून सांगत नाहीये — की सांगतेय? बघा, अजून मुद्द्यावर येतच नाहीये मी.

एके दिवशी आई खरंच निघून गेली, अकोटला मामाकडे. का गेली, हे बाबा मलाच विचारत होते. तेवढ्यात सुमितचा फोन. त्याला पुण्यात नोकरी लागली होती. वैशू हो म्हणाली तर रविवारी आईवडिलांना घेऊन तिच्या घरी येणार, नाही तर सोमवारी मुकाट्याने पुण्याला जाणार. तेवढं विचारून सांग, म्हणाला.

त्यात विचारायचं काय होतं? महिनाभर ती याचीच तर वाट बघत होती.  दहा मिनिटांनी मी त्याला फोन लावला.

"नाई म्हणते ते. आता फोन नको करू."

त्याने वाद घातला नाही. खोटं का वाटावं त्याला — तोवर मी एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. वैशूला सांगितलं, फोन आला नाही. शेवटी शपथ मोडून तिने माझ्याच फोनवरून कितीदा लावून पाहिला, त्याने उचलला नाही. तिच्या नकाराचा मान राखत होता तो.

दीड वर्षाने तिला वरूडचं स्थळ आलं. मेंदीच्या दिवशी, दोन्ही हात भरलेले, तिने मला शेजारी बसवलं आणि हळूच म्हणाली, "एकडाव खरं सांग मले. त्याचा फोन आलता काय?"

तोवर आई परत आली होती. घरात बोलणं सुरू झालं होतं. मला कुणाचा राग नव्हता, आणि लग्नाला अजून दोन दिवस होते.

मी तिच्या तोंडावर आलेले केस मागे सारले आणि म्हणाले, "नाई आला."